खांबेट्यांचं आडवं होणं

श्यामसुंदर खांबेटे यांना माणसं आवडत नसत असं नाही. ती त्यांना पसंत पडत नसत, एवढंच. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म मालाच्या तपासणीत काढला. तयार होऊन आलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि केसभर फरक निघाला तरी तांबड्या पेटीत टाकायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर पेटी कारखान्यातच राहिली, सवय मात्र ते घरी घेऊन आले. तेव्हापासून कोथरूडमधली त्यांची सोसायटी, सोसायटीचा चेअरमन, स्वतःचा जावई आणि चौकातून जाणारी सगळी वाहतूक हा त्यांच्या लेखी तांबड्या पेटीतला माल होता.

या वयाची आणि या स्वभावाची माणसं सकाळी टेकडीवर फिरायला जातात आणि बाकावर बसून देश चालवतात. खांबेटे टेकडीवरून उडत. खरोखरच उडत. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा त्रिकोणी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, खाली पोटावर आडवा लटकलेला माणूस. हातातल्या दांडीने आपलं वजन इकडेतिकडे सारायचं आणि वारा धड असेल तर घारीसारखं तरंगत राहायचं. याला हँग ग्लायडिंग म्हणतात. ऐन तारुण्यात त्यांना हा नाद लागला आणि तो सुटला नाही. "म्हणजे पॅराशूटसारखंच ना?" असं विचारणाऱ्याशी ते पुन्हा बोलत नसत. पॅराग्लायडिंग करणाऱ्यांना ते पिशवीवाले म्हणत. पिशवीत बसून भाजी जाते, माणसाने जाऊ नये, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या क्लबचं नाव मुक्तपंख. दर रविवारी सकाळी ही मंडळी कात्रजचा बोगदा ओलांडून म्हसोबाच्या माळावर जमत. सभासद चिक्कार, उडणारे थोडे. बाकीचे उड्डाणाविषयी बोलत, आणि उडणाऱ्यांपेक्षा जास्त बोलत. कोणाकडे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र होतं, कोणाकडे उंची सांगणारं घड्याळ, कोणाकडे परदेशातून मागवलेले हातमोजे. फक्त पाय जमिनीवरून उचलायची वेळ आली की कोणाची पाठ धरलेली असे, कोणाच्या मेहुण्याचा साखरपुडा असे. अध्यक्ष होता केदार मेहेंदळे. हा कोथरूडमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेई. वर्गाच्या पाटीवर तो स्वतः हात पसरून ग्लायडरखाली उभा होता आणि मागे ढग होते. ग्लायडर खांबेट्यांचा होता. ढग कुठले ते ठाऊक नाही.

माळाच्या पायथ्याशी जिथे उतरायचं ते शेत मच्छिंद्रचं. शेत आपलं म्हणायला. निम्म्यात त्याने प्लॉट पाडून दगड रोवले होते. "येवढी शिकल्याली मानसं," तो म्हणे, "गाडीनं वर जायाचं, पंखानं खाली यायाचं, आन् पुन्हा गाडीनं वर. काय हारवलंय का वर?" क्लबाबद्दलचं हे एकच मत खांबेट्यांना मान्य होतं.

ते क्लबचे सुरक्षा अधिकारी होते. हे पद त्यांना कोणी दिलं नव्हतं. दुसऱ्या कोणी घेतलं असतं तर त्यांनी त्याचं जगणं मुश्किल केलं असतं, म्हणून ते त्यांच्याकडे राहिलं.

हँग ग्लायडिंगमध्ये मरायचे बरेच मार्ग आहेत, पण सगळ्यांत मूर्खपणाचा एकच. उडणाऱ्याच्या अंगात पट्ट्यांचा हार्नेस असतो. त्याच्या पाठीला एक कडी असते. ती कडी डोक्यावरच्या नळीला बांधलेल्या फासात अडकवली की माणूस आणि ग्लायडर एक झाले. ती अडकवायची राहिली, तर कड्यावरून धावत सुटल्यावर ग्लायडर उडतो आणि माणूस दांडीला लोंबकळतो, हात टिकतील तोवर. गंमत अशी की हे नवशिक्यांचं होत नाही. नवशिका घाबरलेला असतो, पुन्हा पुन्हा चाचपून बघतो. हे होतं वर्षानुवर्षं उडणाऱ्यांचं, कारण कडी लावल्याचं त्यांना अगदी स्वच्छ आठवत असतं. आठवते ती गेल्या रविवारची.

यावर उपाय म्हणजे आडवं होणं. एकाने ग्लायडरच्या नाकाशी उभं राहून तारा धरायच्या आणि उडणाऱ्याने जागच्या जागी पुढे झुकून पोटावर आडवं व्हायचं. कडी लागली असेल तर तो पाळण्यासारखा झुलतो. नसेल तर जमिनीवर आपटतो आणि जिवंत राहतो. म्हसोबाच्या माळावर आडवं झाल्याशिवाय कोणी उडायचं नाही, हा खांबेट्यांचा नियम. त्याला त्यांनीच शेपूट जोडलं होतं: कडी न लावता जो ग्लायडर उचलेल तो वर्षभर जमिनीवर. सबब चालणार नाही.

या नियमात आजवर एकच जण सापडला होता, सौमित्र हसबनीस. डहाणूकर कॉलनीत याचं चष्म्याचं दुकान. गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीच्या आसपासची. तो बरा उडे, म्हणजे खांबेटे त्याला वाईट म्हणत नसत. त्या सकाळी कडी लावता लावता त्याचा फोन वाजला. तो बोलला, फोन खिशात टाकला, आडवं न होता ग्लायडर उचलला आणि चालू लागला. पाठीमागे कडी लोंबत होती. खांबेटे ओरडले, तो थांबला, कोणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळी केदारच्या वर्गात सभा बसली. सौमित्र फोन उचलेना, तेव्हा तो टाळतोय असं समजून केदारने गाडी पाठवून त्याला आणवलं. सौमित्रचा चेहरा उतरलेला होता. "फोन आला होता, काका," एवढंच तो म्हणाला. पुढे काही बोलणार होता, पण खांबेट्यांनी बोलू दिलं तर ना. "फोन कोणाचा होता याला नियमात जागा नाही," ते म्हणाले. "ज्याला स्वतःला अडकवायचं लक्षात राहत नाही त्याने पतंग उडवावा. संक्रांत जवळच आहे. पतंग हातातून सुटला तर कोणाची आई रडत नाही." सभेत काही जण हसले. सौमित्र उठून गेला आणि वर्ष संपल्यावरही परत आला नाही. खांबेट्यांचं ते वाक्य मात्र क्लबात राहिलं. नव्या सभासदांना ते टोपीसोबत मिळे.

आता या कडक नियमवाल्याची एक गोष्ट सांगायला हवी. खांबेटे स्वतः कधीपासूनच आडवे होत नसत. हात मागे नेऊन ते पाठीवरचा पट्टा एकदा ओढून बघत आणि निघत. माझा हात तीस वर्षं माल तपासतोय, असं ते म्हणत. सगळ्या क्लबाने हे पाहिलं होतं आणि त्यांना आडवं व्हायला सांगायची कोणाची छाती नव्हती. सगळ्यांना विचारणाऱ्याला विचारायचं कोणी, या संकोचात पुण्यातल्या पुष्कळ संस्था चालतात. ही त्यातलीच एक.

यंदाचा हंगाम खांबेट्यांचा शेवटचा होता. सत्तरी झाली की एकट्याने उडायचं नाही, असं क्लबने ठरवलं होतं, आणि मार्च सरता सरता ते सत्तरीचे होणार होते. पत्नी कुसुमताईंनीही तंबी देऊन ठेवली होती. "मार्चपर्यंत काय ते उडून घ्या," त्या म्हणाल्या होत्या. "त्यानंतर तुम्ही स्टुलावरसुद्धा चढायचं नाही. जळमटं मी काढीन." दिवाळीपासून खांबेटे रविवार जपून वापरू लागले. वारा वेडावाकडा असला तरी माळावर जाऊन बसत, दुपारपर्यंत वाट बघत. उरलेल्या रविवारांतला एकही त्यांना कोणाला द्यायचा नव्हता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर केदारने निरोप समारंभ ठेवला असता.

तर त्या जानेवारीतल्या रविवारी वारा सुरेख होता. पश्चिमेकडून, एकसारखा, कोणी मोजून सोडावा तसा. आणि नेमक्या त्याच दिवशी केदारने कुठल्याशा कंपनीची माणसं माळावर आणली होती. अनुभव दिवस, असं त्या प्रकाराचं नाव होतं. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट आणि त्यावर छापलेलं, आकाश माझं आहे. निम्म्यांना चढून दम लागला होता आणि उरलेले फोटो काढत होते.

खांबेट्यांचं डोकं सकाळीच फिरलं. पहिली सापडली ती वल्लरी. ही हिंजवडीत नोकरी करणारी, गेल्या वर्षी शिकायला आलेली पोरगी. नखांना निळा रंग, हेल्मेटला चिकटवलेला छोटा कॅमेरा. हेल्मेटचा बंद सैल होता. "बंद आवळ," खांबेटे सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले. "आत काही आहे असं गृहीत धरून सांगतोय. नसेल तर राहू दे." पिवळे टी-शर्ट हसले. वल्लरीने बंद आवळला. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

मग खांबेट्यांची पाळी आली. त्यांनी हार्नेस चढवला, ग्लायडरखाली शिरले, कडी लावली. वल्लरी नाकाशी तारा धरून उभी होती. समोर उतार, पुढे कडा, कड्यापलीकडे खाली मच्छिंद्रचे प्लॉट. आणि उताराच्या मधोमध केदार. पाहुण्यांना अर्धगोलात उभं करून तो त्यांना भीतीवर मात कशी करायची ते सांगत होता.

"ओ केदार!" खांबेट्यांनी हाक मारली.

"दोन मिनिटं, सर. एनर्जी बघा ना लोकांची."

खांबेट्यांनी कडी सोडली. ग्लायडरखालून बाहेर यायचं तर ती सोडावीच लागते. वल्लरीला त्यांनी तारा धरून ठेवायला सांगितलं आणि हार्नेस अंगात तसाच ठेवून, पायांत लोंबणारे पट्टे सावरत ते उतारावर गेले. तिथे त्यांनी केदारला जे सुनावलं ते पाहुण्यांनी बहुतेक जन्मभर लक्षात ठेवलं असेल. "आपण जिथे उभे आहात ना," ते म्हणाले, "तिथून माणसं आकाशात जातात. आपलं व्याख्यान ऐकून ती थेट स्वर्गात जातील. भीतीवर मात करायची नसते, साहेब. भीती बाळगायची असते. इथे लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं की माणूस संपतो. लक्ष! हा शब्द आपल्या वर्गात शिकवतात का?" केदार हसत हसत बाजूला झाला. पिवळे टी-शर्टही मेंढरांसारखे त्याच्यामागे सरकले.

खांबेटे परत आले ते मनातल्या मनात खूश होऊन. जमलं होतं आज. आणखी एक वाक्य घालता आलं असतं असंही त्यांना वाटलं, आणि ते वाक्य जुळवत जुळवतच ते ग्लायडरखाली शिरले, खांद्यांवर सांगाडा घेतला, दांड्या धरल्या आणि समोर बघितलं. वारा तोंडावर येत होता. त्यांनी पट्टाही ओढून बघितला नाही. कशाला बघतील? कडी लावलेली त्यांना स्वच्छ आठवत होती.

"सोड," ते म्हणाले.

वल्लरीने तारा सोडल्या नाहीत. "आडवे व्हा, काका."

खांबेट्यांना आधी कळलंच नाही. "काय?"

"आडवे व्हा."

"तू मला सांगतेस? मी उडायला लागलो तेव्हा तुझ्या आईवडिलांच्या पत्रिका जुळल्या नव्हत्या."

"तुम्हीच शिकवलंत. बाप समोर आला तरी आडवं केल्याशिवाय तार सोडायची नाही."

"मी तुझा बाप नाही."

"मग तर नाहीच सोडणार."

पाहुणे कान टवकारून ऐकत होते. वारा चालला होता, असा वारा पुन्हा मिळेल न मिळेल. खांबेट्यांच्या मनात आलं, हिला आता शिकवायलाच हवं. आडवं होऊन दाखवायचं, झुलून दाखवायचं, आणि मग असं एक वाक्य टाकायचं की ही पुढच्या रविवारी क्लबाचा रस्ता विसरेल. वाक्य ओठांवर आलंही होतं. चेहऱ्यावर सगळा तिरस्कार गोळा करून त्यांनी पाय सैल सोडले आणि पुढे झोकून दिलं.

ते सरळ जमिनीवर गेले. मध्ये काही नव्हतंच. छाती मुरमावर आपटली, हनुवटी सोलवटली, तोंडात माती गेली. वर ग्लायडर वल्लरीच्या हातांत तसाच डुलत होता आणि त्याचा फास रिकामा हलत होता.

मग पिवळ्या टी-शर्टांतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो प्रात्यक्षिकाचा भाग वाटला. बाकीच्यांनीही वाजवल्या. केदार पुढे झाला आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "तर मित्रांनो, चेक का महत्त्वाचा, हे आत्ता सरांनी आपल्याला स्वतः करून दाखवलं."

खांबेटे पालथेच पडून होते. पडल्या जागेवरून त्यांना कडा दिसत होता. तो फार लांब नव्हता. आपण आत्ता हवेत असतो, त्यांच्या मनात आलं, आणि दांडी हातांतून सुटत असती. त्यांना भीती वाटली. आणि त्या भीतीतही त्यांना टाळ्यांची लाज वाटली.

ते उडाले नाहीत. दुपारी ग्लायडर गुंडाळून गाडीच्या टपावर बांधताना वल्लरी जवळ आली. तिने सोलवटलेल्या हनुवटीला लावायला मलम पुढे केलं. खांबेट्यांनी ते घेतलं, हेही नवीनच.

"तुला दिसलं होतं?" त्यांनी विचारलं. "कडी लोंबताना?"

"नाही काका. नाकाशी उभं राहून मागचं कुठे दिसतं?"

"मग अडवलंस कशाला? मला कोणी अडवत नाही."

वल्लरी टपावरचा दोर आवळत राहिली. "तुमचा राग आला होता," ती म्हणाली. "सकाळी सगळ्यांसमोर बोललात ना. म्हटलं, यांना एकदा तरी सगळ्यांसमोर झोपवायचंच."

खांबेट्यांनी आयुष्यभर लोकांचे दोष शोधले होते. एखाद्याच्या दोषाने आपला जीव वाचेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. गाडीत बसल्यावर बोगदा येईपर्यंत त्यांनी मलमाचं झाकण उघडलंही नाही.

सभा बुधवारी संध्याकाळी बसली, त्याच वर्गात, त्याच खुर्च्यांवर. मुक्तपंखला सभेची हौस होतीच, आणि माफ करायची हौस त्याहून दांडगी. केदारने दोन्ही तळवे जोडून सुरुवात केली. "सर आपले आधारवड आहेत. आणि तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर सर आडवे झालेच होते. चेक झाला, चेकमध्ये चूक सापडली. म्हणजे सिस्टिम चालली. आपण याला प्रात्यक्षिक म्हणूनच नोंदवू." माना डोलल्या. ज्यांनी कधी टेकडीवरून पाय उचलला नव्हता त्यांच्या माना जास्त डोलल्या. वल्लरीसुद्धा म्हणाली, "ते आडवे झाले होते, हे खरं आहे."

खांबेटे एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते एका वाक्याची वाट बघत होते. कोणीतरी आता पतंगाचं म्हणेल, कोणीतरी हसेल, मग आपण उत्तर देऊ. खोलीतल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं. एकानेही ते उच्चारलं नाही. म्हातारा आहे, शेवटचा हंगाम आहे, जाऊ द्या बिचाऱ्याला, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ही दया त्यांना तोंडातल्या मातीपेक्षा कडू लागली. आणि तरीही, खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना ती घ्यावीशी वाटली. फेब्रुवारीतला वारा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. नुसतं गप्प बसायचं होतं, बस.

"मी ग्लायडर उचलला तेव्हा कडी नव्हती," ते म्हणाले. "आडवा मी झालो तो या मुलीने तारा सोडल्या नाहीत म्हणून. नियम उचलण्याचा आहे. वर्षभर जमिनीवर."

"पण सर," केदार कळवळून म्हणाला, "मार्चमध्ये तुम्ही सत्तरीचे होताय. वर्षभर म्हणजे मग..."

"माझं वय मला ठाऊक आहे, केदार. आपल्याला नियम ठाऊक नाही, ही अडचण आहे." ते उठले, आणि दारात थांबून म्हणाले, "आणि प्रात्यक्षिक करायचं असेल तर आपण स्वतः करा. माळावर मुरूम भरपूर आहे."

घरी कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. कडीचं ऐकताना त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तेव्हा भाजी निवडत बसले असते आणि फोन आला असता."

"आला नाही ना."

"त्या मुलीला जेवायला बोलवा." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि तो दुसरा? ज्याला तुम्ही पतंग उडवायला सांगितलं होतंत?"

शनिवारी सकाळी खांबेटे डहाणूकर कॉलनीत गेले. वाटेत एका दुकानाबाहेर संक्रांतीचे उरलेसुरले पतंग लटकत होते. त्यांनी एक लाल पतंग घेतला, तो हातात धरून रस्ता ओलांडला आणि रिक्षावाल्यांच्या नजरा सहन केल्या. सत्तरीला टेकलेला, हनुवटीला खपली धरलेला माणूस पतंग घेऊन चष्म्याच्या दुकानात शिरला.

सौमित्र गल्ल्यामागे बसून एक काच पुसत होता. क्लबाच्या बातम्या त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. त्याने पतंगाकडे बघितलं, मग खांबेट्यांकडे.

"मी स्वतःसाठी घेतलाय," खांबेटे म्हणाले. "तू म्हणायच्या आधी."

"मी काही म्हणणार नव्हतो. बसा." सौमित्रने चहा सांगितला. चहा आला, प्यायला गेला. खांबेट्यांनी येताना चांगली चार वाक्यं जुळवली होती, आणि त्यातलं एकही बोलण्यासारखं नव्हतं. ती सगळी खांबेट्यांविषयी होती. शेवटी त्यांनी विचारलं ते त्यांना दोन वर्षांपूर्वी विचारता आलं असतं.

"त्या दिवशी फोन कोणाचा होता?"

सौमित्रने काच खाली ठेवली. "दवाखान्यातून. बाबा अतिदक्षता विभागात होते. रात्री बरं होतं, डॉक्टरांनीच मला घरी पाठवलं, म्हणून सकाळी माळावर आलो. फोनवर नर्स म्हणाली, लगेच या. मला काही सुचेना. माझी गाडी त्या दिवशी खाली शेतापाशी होती. चालत उतरायला वेळ लागेल, म्हटलं उडून गेलो तर लवकर खाली पोचेन. वेडेपणाच. तुम्ही ओरडलात म्हणून वाचलो." तो थांबला. "मी पोचलो तेव्हा ते गेले होते. संध्याकाळी केदारची गाडी आली तेव्हा आम्ही नुकतेच वैकुंठ स्मशानभूमीतून परतलो होतो. मला वाटलं, कळलंय म्हणून न्यायला आलेत. आईच म्हणाली, जा, तुझी माणसं आहेत."

पुढचं बोलायची गरज नव्हती. पतंग हातातून सुटला तर कोणाची आई रडत नाही, हे वाक्य त्या लहानशा दुकानात आपोआप येऊन बसलं. खांबेट्यांना ते ऐकू आलं, स्वतःच्या आवाजात, सभेतल्या हशासकट. ते ज्या गोष्टींना चूक म्हणत आले त्या सगळ्या केसभराच्या होत्या. ही केसभराची नव्हती.

"सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगत होतो."

खांबेटे उठले. पतंग त्यांनी गल्ल्यावर ठेवला, पुन्हा उचलला आणि बरोबर घेतला. दारातून ते म्हणाले, "उद्या वारा आहे. तुझी शिक्षा केव्हाच संपली. माझी आहे, मी तारा धरायला असेन." माफी हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. तो निघायला त्यांना आणखी एक जन्म लागला असता. सौमित्रला बहुधा ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी म्हसोबाच्या माळावर खांबेटे ग्लायडरच्या नाकाशी उभे होते. नवशिक्यांचं काम. केदारने खुर्ची आणली, ती त्यांनी परत पाठवली. मच्छिंद्र खालून ओरडून विचारून गेला, "काका, आज नाय का येनार खाली?" वल्लरी आडवी झाली, झुलली, उडाली. मग उशिरा, जुना ग्लायडर घेऊन सौमित्र आला. कापडाला घडीचे डाग पडले होते. त्याने कडी लावली आणि न सांगता आडवा झाला. खांबेट्यांनी गुडघा टेकून, मान वाकडी करून फासातली कडी डोळ्यांनी बघितली. सौमित्र उठून उभा राहिला, दांड्या धरल्या. खांबेट्यांनी तारा सोडल्या नाहीत.

"आता काय?" सौमित्र म्हणाला.

"घरी कोणी आजारी आहे का?"

"काय, काका?"

"आई बरी आहे का? दुसरं कोणी? असेल तर आत्ताच बाजूला हो, उगाच मला तारा धरायला लावून माझे हात दुखवू नकोस."

पाठीमागे रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. खांबेटे वळले नाहीत. ते उत्तराची वाट बघत राहिले.

"बरी आहे," सौमित्र म्हणाला. "सगळे बरे आहेत."

खांबेट्यांनी तारा सोडल्या आणि ते उतारावरून बाजूला झाले. सौमित्र धावला, कडा आला, ग्लायडर उचलला गेला आणि त्याच्याखाली माणूसही होता. खांबेटे तो लहान होईपर्यंत बघत राहिले. वारा सुरेख होता. मग त्यांनी चष्मा पुसला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला विचारलं, घरी सगळे बरे आहेत का.